सासूबाई शंभर बाइटांत बसेनात

काटकसर माझ्या रक्तातच आहे, हे आधीच सांगून टाकतो. टूथपेस्टची नळी मी लाटण्याने लाटून शेवटचा थेंब काढतो. प्रोग्राम लिहितानाही तेच. एका ओळीत भागत असेल तर दुसरी ओळ माझ्या हातून लिहिली जाणं शक्य नाही! त्यामुळे त्या सकाळी आमच्या साहेबांनी, "पेटीची मेमरी पुरत नाहीये रे," असं म्हटल्यावर बाकीच्यांनी माना खाली घातल्या आणि मी ताडकन उभा राहिलो.

"साहेब, मला दोन दिवस द्या. त्या डेटाबेसची सगळी चरबी उतरवून दाखवतो!"

आता पेटी म्हणजे काय ते सांगतो. आमची कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि पाच माणसं. आम्ही दवाखान्यांसाठी एक बोलकी पेटी बनवतो. स्वागतकक्षातली बाई पेशंटचं नाव, वय आणि तक्रार टाइप करते, पेटी ते साठवून ठेवते आणि पाळी आली की गोड आवाजात पुकारते, "अमुक तमुक, आत या!" वेगळा सर्व्हर नाही, वायरींचं जंगल नाही. जेवणाच्या डब्याएवढ्या त्या पेटीच्या पोटातच नोंदी सांभाळणारं डेटाबेस इंजिन बसवलेलं.

घोटाळा केला त्या गोड आवाजाने. तोच इतकी मेमरी खायचा, की तीन-चार तासांनी पेटीला धाप लागायची आणि ती अर्ध्या नावावर मूक व्हायची. आणि मंगळवारी तर एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पेटीची परीक्षा होती! त्यांना पसंत पडली, तर त्या आणि त्यांच्या मैत्रिणी मिळून अकरा दवाखान्यांत आमच्या पेट्या लागणार होत्या.

"आणि नाही पडली तर?" मी विचारलं.

"तर आपण पाच जण इथे बसून एकमेकांनाच आत बोलवत राहायचं," साहेब म्हणाले.

मी कामाला लागलो. अशा इंजिनात काही मर्यादा ठरवता येतात. टेबलात रकाने किती, ओळ केवढी, मजकूर किती लांब. हे आकडे कंपाइल करताना घालायचे, म्हणजे प्रोग्राम भट्टीत घालून पक्का भाजण्याआधी. एकदा भाजला की संपलं! नंतर आकडा कमी करता येतो, पण वाढवता येत नाही.

आणि इंजिन बनवणाऱ्यांनी मजकुराला मर्यादा किती ठेवली होती माहीत आहे? शंभर कोटी बाइट, म्हणजे मेमरीतले शंभर कोटी खण! शंभर कोटी! अहो, एवढं नाव असलेला माणूस पुकारायला लागलो, तर तो आत जाईपर्यंत त्याचे सगळे दात आपोआप पडतील! माझ्या आधीच्या इंजिनिअरने ती मर्यादा दहा लाखांवर आणली होती आणि आमची पेटी सकाळी उठल्याउठल्या तेवढी जागा रुमाल टाकून अडवून बसायची. मग आवाजाला जागा कुठून मिळणार?

मी बाह्या सरसावल्या. रकाने, दोन हजार? सहा पुरेत! जोडीला आणखी डेटाबेस, दहा? एकही नको! आणि नाव, वय, तक्रार मिळून अख्खी ओळ, दहा लाख? मी मनातल्या मनात एक लांबलचक नाव घेतलं, बोटांवर मोजलं, वर थोडी उदार भर घातली आणि आकडा लिहिला: शंभर!

"शंभर काय?" मागून आवाज आला.

आमच्याकडे चाचणीचं काम बघणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना आम्ही शंकाताई म्हणतो. लिफ्टमध्ये शिरतानासुद्धा त्या आधी विचारतात, "ही वरही जाते ना?"

"शंभर बाइट," मी म्हणालो.

"बाइट की अक्षरं?"

"तेच ते, ताई!"

"इंग्रजीत तेच ते. मराठीत एकेका अक्षराला तीन-तीन बाइट लागतात. काना-मात्रेला वेगळे तीन."

"ताई, मी काटकसर करतोय, व्याकरण नाही!" असं म्हणून मी कंपाइलचं बटण दाबलंसुद्धा.

पेटी अशी पळाली म्हणून सांगू! दिवसभर बोलली. न थकता, न अडखळता. आम्ही इंग्रजी लिपीत दोनशे नावं घातली, दोनशेच्या दोनशे तिने पुकारली. साहेबांनी मला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. त्यांच्या सांगण्यावरून मी आणखी एक काम केलं होतं. इंजिनाच्या सगळ्या रुक्ष सूचनांचं मराठी करून ते त्या गोड आवाजाला जोडलं होतं. "पेटी मुकी नको," साहेबांचं म्हणणं, "चूक झाली तरी माणसासारखी बोलली पाहिजे! आणि एकदा नाही ऐकू आलं तर तीनदा सांगू दे. दर वेळी आवाज वाढवून!" तसंही केलं.

सोमवारी पेटी दवाखान्यात बसली. दुपारी दवाखाना बंद करताना तिथल्या स्वागतिकेचा फोन आला.

"अहो, हिचे उच्चार काय भयंकर आहेत! इंग्रजीत नाव टाकलं की एखादा परका पाहुणा वाचतोय असं वाटतं. पेशंट हसत होते!"

"मग उद्यापासून मराठीत टाइप करा ना! अगदी बिनधास्त!" मी म्हणालो.

हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने म्हणालो. कुणी मला धमकावलं नव्हतं.

संध्याकाळी घरी गेलो तो तरंगतच. सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या, त्यांची दाढ दुखत होती. चौतीस वर्षं शाळेत शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई! दाढदुखीसुद्धा त्या मुद्देसूद सांगतात. प्रस्तावना, पार्श्वभूमी, आजची परिस्थिती, अपेक्षा. जेवताना तासभर ते चालू होतं.

"आई," मी म्हणालो, "उद्या माझ्याबरोबर चला. डॉक्टरही चांगल्या आहेत आणि माझी पेटीही बघाल. तुमचं पूर्ण नाव मानाने पुकारेल!"

"तुम्ही केलीत?"

"तिच्या तोंडचा शब्द न् शब्द मी लिहिलाय, आई!"

बायकोने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू फार फुशारकी मारायला लागलास की मला धडकी भरते," ती म्हणाली. मी हसलो. मला काय माहीत!

मंगळवारी दहा वाजता मी इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्यात हजर. साहेब आधीच येऊन पेटीजवळ असे उभे होते, जणू त्यांच्या मुलीचं बक्षीस-वितरण आहे. बाकांवर आठ-दहा पेशंट, सगळे एकेका गालावर हात ठेवून बसलेले. सासूबाई कानाचं यंत्र सारखं करून मधल्या बाकावर ताठ बसल्या.

पहिला पेशंट आला. नाव दोन अक्षरी, तक्रार "दाढ". पेटी खुश. "आत या!" साहेबांनी माझी पाठ थोपटली.

दुसरे आले एक बस-कंडक्टर. झुपकेदार मिशा, दोन्ही टोकं वर वळवलेली. त्यांनी वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं, तक्रार सांगितली. स्वागतिकेने ते सगळं मराठीत टाइप करून बटण दाबलं.

पेटी गोड आवाजात म्हणाली, "फार मोठं आहे! कृपया लहान करा!"

कंडक्टरांचा हात झटकन मिशीवर गेला. "काय लहान करा?"

"फार मोठं आहे!" पेटी जरा जोरात म्हणाली. "कृपया लहान करा!"

"पंचवीस वर्षं वाढवलीय ही! दात काढायला आलोय, मिशी नाही!"

"फार मोठं आहे!!" तिसऱ्यांदा तर पेटी गरजलीच. मागच्या बाकावर एक गृहस्थ पोट आत घेऊन बसले. एका काकूंनी आपली भलीमोठी पर्स हळूच बाकाखाली सरकवली. त्यांच्या शेजारचे वकील उभे राहिले आणि सवयीने म्हणाले, "ठीक आहे, मी माझं म्हणणं थोडक्यात मांडतो."

साहेब हसत हसत माझ्या कानाशी आले. चेहऱ्यावर हसू, आवाजात मात्र सुरी. "हे काय बोलतंय?"

"मर्यादा ओलांडली की असं बोलतं, साहेब."

"मर्यादा मला दिसतेच आहे! चारचौघांत मिशीवरून बोलतंय!"

"नावावरून, साहेब! नाव शंभर बाइटांत बसत नाहीये!"

आत ड्रिलची घरघर थांबली. डॉक्टरीणबाई मास्क हनुवटीवर ओढून, हातात अवजार घेऊनच दारात आल्या. "इथे माझ्या पेशंटांना मोठं-लहान कोण म्हणतंय?"

कुणी काही बोलायच्या आत सासूबाई उठल्या. मी दोन्ही हातांनी "बसा, बसा" करतोय, पण त्या कसल्या बसताहेत! शिस्तीत काउंटरशी गेल्या, घसा साफ केला आणि सुरुवात केली. "लिहा. सेवानिवृत्त मुख्याध्यापिका..." मग नाव, त्यात तीन जोडाक्षरं. मग यजमानांचं नाव, मग आडनाव, त्यात आणखी दोन. "आता तक्रार. गेल्या वर्षीपासून खालच्या उजव्या बाजूला..."

स्वागतिका भराभरा टाइप करत होती. मी डोळे मिटले.

"फार मोठं आहे! कृपया लहान करा!"

सासूबाई सावकाश माझ्याकडे वळल्या.

"जावईबापू, हिच्या तोंडचा शब्द न् शब्द तुम्ही लिहिलाय ना?"

"हो... म्हणजे... पण तुमच्यासाठी नाही, आई!"

"फार मोठं आहे!" पेटी वरच्या पट्टीत.

"काल जेवताना मी बोलत होते, ते तुम्हाला लांबलं असेल तर तोंडावर सांगायचं होतंत. यंत्राकडून कशाला वदवून घेतलंत?"

"फार मोठं आहे!!" पेटीने शेवटचा घाव घातला.

सासूबाईंनी पर्समधून मोबाइल काढला आणि लेकीला फोन लावला. पुढच्या मिनिटाला माझा फोन वाजला.

"आईला भर दवाखान्यात 'लहान करा' म्हणालास?" बायको ओरडत होती. "तुला काही मर्यादा आहे की नाही?"

"आहे ना! शंभर! तीच तर भानगड आहे!"

फोन कट!

मी पेटीवर झेप घेतली. सेटिंग उघडलं. मर्यादा: १००. ते खोडून टाकलं १००००. पेटी म्हणाली, "आभारी आहे!" माझा जीव भांड्यात पडला. पुन्हा उघडून पाहतो तर मर्यादा: १००! पुन्हा दहा हजार टाकले. "आभारी आहे!" पुन्हा शंभर! कंपाइलच्या वेळी जो आकडा भाजला गेला, त्याच्या वर इंजिन जाणार नाही. तक्रारही करणार नाही. गोड हसून आपलंच खरं करणार. ते इंजिन मीच भाजलं होतं, हे आठवून मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

मी शंकाताईंना फोन लावला. "शंकाताई! ते बाइट..."

"चार हजारांचं कंपाइल करून ठेवलंय," ताई शांतपणे म्हणाल्या. "शुक्रवारीच. माझी बस येतेय, वीस मिनिटांत पोचते."

"चार हजारांनी पुन्हा धाप लागली तर?"

"दोन दिवस सलग बोलवून बघितलंय. तू बिस्किटं खात होतास तेव्हा."

वीस मिनिटं! तोवर काय करायचं? साहेब डॉक्टरीणबाईंना पेटीचा रंग किती टिकाऊ आहे ते समजावून सांगत होते. मी स्वागतिकेला म्हटलं, "बाई, सगळं छोटं करून टाका! नावाचं पहिलं अक्षर, तक्रारीचा एक शब्द!" कंडक्टर एका अक्षरात गेले. वकील दोन शब्दांत आटोपले. काम पुढे सरकलं! मला घाम पुसायला उसंत मिळाली.

मग पाळी आली सासूबाईंची. त्यांना नुसतं पहिल्या अक्षराने पुकारायचं? छे! पहिल्या नावाने? जन्मात हिंमत झाली नसती! स्वागतिका थांबून माझ्याकडे बघत होती. मीच कीबोर्ड ओढला. "आई" लिहावं, तर दवाखान्यातल्या निम्म्या बायका उठतील, एवढी अक्कल मला त्या गडबडीतही होती. मी पटकन दुसरा शब्द टाइप केला, तक्रारीत लिहिलं "दाढ" आणि बटण दाबलं.

पेटीने आवाज लावला. "सासू! आत या!"

तीन बायका उठल्या.

पर्सवाल्या काकू, निळ्या चष्म्याच्या एक आजी आणि दाराजवळच्या एक बाई. तिघी एकदमच दाराकडे निघाल्या आणि उंबऱ्याशी अडकल्या.

"मला बोलावलंय!" काकू म्हणाल्या. "माझी सून बाहेर गाडीत बसलीय, विचारा तिला!"

"मला दोन सुना आहेत," आजी म्हणाल्या. "मी सीनियर!"

"आणि मला जावई आहे, तो काही कमी का?" तिसऱ्या बाई म्हणाल्या.

सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "चौतीस वर्षं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चौतीस वर्षं मी हजेरीपटावर एकाही मुलाचं नाव अर्धवट लिहिलं नाही. आणि माझ्या वाट्याला काय आलं? सासू!"

खरं सांगतो, तोवर मला सगळा गोंधळ आपल्या अकरा दवाखान्यांचाच वाटत होता. पण हे वाक्य ऐकलं आणि माझी मान खाली गेली. एक दाढ दुखणारी बाई सकाळपासून नाव नीट पुकारलं जायची वाट बघत होती. आणि मी ते नाव बोटांवर मोजून, तेही चुकीचं मोजून, कापून टाकलं होतं.

तेवढ्यात दार उघडलं. खांद्याला झोळी, हातात पेन ड्राइव्ह. शंकाताई! मला जगात इतका आनंद कुणाला बघून झाला नव्हता. त्यांनी आधी पेटीची वायर दोनदा हलवून बघितली, "चालू आहे ना?" विचारलं आणि मग ड्राइव्ह खोचला. पाच मिनिटं पेटी गप्प. साहेब देवाचं नाव घेत होते. मग दिवा हिरवा झाला.

शंकाताईंनी स्वागतिकेला खूण केली. सासूबाईंची सगळी माहिती पुन्हा टाइप झाली, काना-मात्रेसकट. आणि पेटी बोलली. "सेवानिवृत्त मुख्याध्यापिका" पासून आडनावापर्यंत, नावा-आडनावातली पाचही जोडाक्षरं ठणठणीत, एकही न गिळता! "आत या!"

बाकांवरची दोन माणसं आपसूक उठून उभी राहिली. कंडक्टर उपचार संपवून, गालात कापूस धरून दाराशीच थांबले होते, त्यांनी मिशी सावरून दार धरलं. सासूबाई पदर सारखा करून, मान वर करून आत गेल्या.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी साहेबांना बोलावलं. आम्ही तिघेही निरोपाच्या तयारीनेच आत गेलो.

"पेटी मला हवी," त्या म्हणाल्या. "अकराही दवाखान्यांना! पण एक अट. गेली बारा वर्षं माझी सकाळ कधी वेळेवर संपलेली नाही. दाताबद्दल विचारलं की लोक लग्नापासून सुरुवात करतात. आज त्या मधल्या अर्ध्या तासात प्रत्येकाने दोन शब्दांत दुखणं सांगितलं! ते 'कृपया लहान करा' राहू द्या. फक्त तक्रारीपुरतं."

"आणि पडद्यावर," शंकाताई म्हणाल्या. "स्पीकरवर नाही."

"आणि नावाला?" मी हळूच विचारलं.

"नावाला तू हात लावायचा नाहीस," साहेब म्हणाले. त्या दिवसापासून आमच्याकडे मर्यादांचे सगळे आकडे शंकाताई ठरवतात. मी फक्त सुचवतो. लेखी.

परतताना मी आणि सासूबाई बसमध्ये शेजारी बसलो. दाढ काढलेली, गाल सुजलेला, तोंडात कापूस. बोलायची बंदी. मी ठरवलं, हीच वेळ आहे! सगळं सांगितलं. बाइट म्हणजे काय, अक्षर म्हणजे काय, मर्यादा का घातली, शंकाताईंचं का ऐकलं नाही. मग जीव घट्ट करून म्हणालो, "आई, तुमचं बोलणं मला लांब वाटत नाही. खरंच नाही! मीच मूर्ख, फुशारकी मारायला गेलो. मला माफ करा." सासूबाई खिडकीबाहेर बघत दर थोड्या वेळाने मान डोलवत होत्या. माझे तर डोळे भरून आले. इतकं मोकळं मी त्यांच्याशी लग्नानंतर पहिल्यांदाच बोललो होतो!

घरी पोचलो. बायको दारातच कमरेवर हात ठेवून उभी होती. मी तिला खुणेनेच सांगितलं, सगळं मिटलंय. सासूबाई खुर्चीत बसल्या. तोंडातला कापूस काढला. मग पर्स उघडली, त्यातून रुमालाची छोटी पुरचुंडी काढली, ती सोडली आणि आपलं कानाचं यंत्र उचलून कानात बसवलं.

"एक्स-रे काढताना ठेवून द्यायला सांगितलं होतं," त्या लेकीला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, त्या बसची तुमच्या बाजूची खिडकी फारच खडखडत होती, नाही?"